नातीने लिहिलेली आजी
रोटोटुनातल्या मराठी मंडळींनो, आजीवर काही लिहायचं मनात असेल तर आधी ‘इरू’ वाचाच! मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचं हे इंग्रजी चरित्र २०२४ साली आलं. दोन लेखकांपैकी ऊर्मिला देशपांडे म्हणजे गौरी देशपांडेंची मुलगी, इरावतीबाईंची सख्खी नात.

बाईंचा जन्म १९०५चा, ब्रह्मदेशातला. नाव तिथल्या नदीवरून. वायकाटोकाठी फिरताना मला हे हमखास आठवतं, कारण माओरी माणूसही ओळख करून देताना आधी आपला डोंगर, आपली नदी सांगतो.

बर्लिनमध्ये पीएचडी करतानाचा प्रसंग तर मुलांना मुद्दाम सांगावा असा. कवट्यांच्या ठेवणीवरून गोऱ्यांचं श्रेष्ठत्व सिद्ध व्हावं, ही मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अपेक्षा. बाईंनी १४९ कवट्या तपासल्या आणि वंशाशी असा काही संबंध दिसत नाही, असं प्रबंधात सरळ मांडलं. पंचविशीतली मुलगी, परक्या देशात, गुरूच्या विरोधात! पुढे डेक्कन कॉलेजात अध्यापन, पुण्यात स्कूटर चालवणं, ‘युगान्त’ या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार.

तुमची आजी हयात असेल तर तिला रविवारी फोन लावा. इथले रात्रीचे आठ म्हणजे भारतातली दुपार, जेवणं आटोपलेली असतात. लग्नाआधीचं विचारा: शाळा, मैत्रिणी, काय व्हायचं होतं ते. आणि रेकॉर्ड करून ठेवा.