अथेन्समध्येही सोडत निघायची

ठाण्याच्या वर्तकनगरात ‘सोडत’ म्हटलं की आधी म्हाडाचं घर आठवतं. पालिकेची निवडणूक जवळ आली की दुसरी सोडत निघते, प्रभागांच्या आरक्षणाची. नगरसेवक मात्र मतांवर ठरतो. लोकशाही ग्रीकांनी दिली आणि लोकशाही म्हणजे निवडणूक, असं आपण शाळेपासून एका दमात म्हणत आलो. यातला दुसरा भाग अथेन्सच्या माणसाला पटला नसता.

तिथे 500 जणांच्या परिषदेत बसायला प्रचार करावा लागत नसे. दहा गणांतून प्रत्येकी 50 नागरिक चिठ्ठीने निघत, एका वर्षासाठी, आणि आयुष्यात फार तर दोनदा. न्यायसभेसाठी तर पुढे खाचांची दगडी शिळाच होती. तिशी ओलांडलेल्यांच्या नावाच्या पट्ट्या खाचांत बसवायच्या, बाजूच्या नळीतून काळ्या-पांढऱ्या गोट्या सोडायच्या. पांढरी आली की ती अख्खी ओळ त्या दिवशी न्यायाला बसे. मतं देऊन निवडत ते मुख्यतः सेनापती, कारण लढाई नशिबावर सोडून चालत नाही. पदं चिठ्ठीने भरणं लोकशाहीचं आणि निवडणुकीने भरणं मूठभरांच्या सत्तेचं लक्षण मानतात, असं ॲरिस्टॉटलने नोंदवलं आहे. निवडणुकीत कोणाचा पैसा आणि कोणाचं घराणं पुढे येतं हे पाहिलेल्याला त्यातलं मर्म समजावून सांगावं लागत नाही.

हा ॲरिस्टॉटल स्वतः अथेन्समध्ये परका होता, त्याला मत नव्हतं. बायकांना नव्हतं, गुलामांना नव्हतं. इ.स.पू. 451 च्या कायद्याने आई आणि वडील दोघंही अथेन्सचे असतील तरच माणूस नागरिक ठरू लागला. कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून येऊन ठाण्यात रुजलेल्या कुटुंबांना तिथे पिढ्यान्‌पिढ्या सभेबाहेरच राहावं लागलं असतं. भारतीय संविधानाच्या कलम 326 ने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत दिलं. हे अथेन्सचं अनुकरण नव्हे, त्याच्या फार पुढचं पाऊल आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

आपल्याकडे त्याआधी काहीच नव्हतं, हाही गैरसमजच. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी बौद्ध भिक्षुसंघाची आठवण करून दिली होती. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सगळं संघाच्या नियमांत होतं. आपली संसदीय चौकट मात्र थेट आली ती ब्रिटिशांकडून.

मग ग्रीकांचं काय उरतं? इंग्रजीतला लोकशाहीसाठीचा शब्द त्यांचा. कायद्यापुढे नागरिक समान, हा आग्रह त्यांचा. शिवाय पद सोडताना प्रत्येक अधिकाऱ्याला पैशांचा हिशेब द्यावा लागे आणि कोणीही नागरिक त्याच्यावर तक्रार करू शकत असे. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत, जिथे प्रत्येक सभासदाचं एकच मत असतं, तिथे उठून दुरुस्तीच्या खर्चाची पावती मागणारा सभासद नेमकं तेच करत असतो.