विश्लेषण : धातूच्या भुकटीने शेकडो विमाने जमिनीवर का आणली?

एअरबस ए३२० निओ विमानांना बसवलेल्या काही इंजिनांच्या सुट्या भागांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत दोष असल्याचे, प्रॅट अँड व्हिटनीची पालक कंपनी असलेल्या ‘आरटीएक्स’ने २५ जुलै २०२३ रोजी जाहीर केले. २०१५ अखेर ते २०२१ या काळातील इंजिने त्यात सापडली. जगभरात सरासरी ३५० विमाने उभी राहतील, असा अंदाज कंपनीनेच दिला. इंडिगोलाही याचा फटका बसला.

भुकटीच कशासाठी?

प्रश्न इंजिनातील टर्बाइन डिस्कचा आहे. पाते तुटले तर इंजिनाचे कवच ते अडवू शकते. डिस्क फुटली तर तुकडे कवच भेदून बाहेर येतात. १८ मार्च २०२० रोजी व्ही२५०० इंजिनाच्या ए३२१ विमानात नेमके हेच घडले आणि उड्डाण धावपट्टीवरच थांबवावे लागले. डिस्कच्या आत लपलेला दोष त्याला कारणीभूत होता.

निकेलच्या मिश्रधातूचा मोठा ठोकळा ओतला तर तो सावकाश थंड होतो आणि त्यातील घटक एकसारखे पसरत नाहीत. भुकटीचा कण क्षणात गोठतो, त्यामुळे प्रत्येक कणात मिश्रण जवळपास सारखेच राहते.

ती बनते कशी?

मिश्रधातू निर्वात भट्टीत वितळवतात. त्याची बारीक धार खाली पडत असताना तिच्यावर आर्गॉन वायूचा जोरदार झोत सोडतात. धारेचे थेंब होतात आणि खाली पडेपर्यंत गोठतात. मग चाळणी. डिस्कसाठी साधारण ५३ मायक्रॉनपेक्षा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही बारीक कण घेतले जातात. पुढे भुकटी धातूच्या डब्यात भरून, हवा काढून, उष्णता आणि दाबाखाली घट्ट केली जाते व घडवली जाते.

या चाळणीचे खरे काम वेगळेच आहे. भट्टीच्या किंवा नळीच्या सिरॅमिक अस्तराचा कण सुटून भुकटीत मिसळू शकतो. चाळणी जितकी बारीक, तितका आत राहू शकणारा कचराही लहान.

तपासणीत का सापडत नाही?

भुकटीच्या काही चाचण्या अगदी साध्या आहेत. ५० ग्रॅम भुकटी अडीच मिलिमीटर छिद्राच्या नरसाळ्यातून किती सेकंदांत वाहते, हे घड्याळ लावून मोजतात. कणांचा आकार लेझरने, तर ऑक्सिजनचे प्रमाण नमुना वितळवून तपासतात. पण हे सगळे नमुन्यावर. एका किलोत अब्जावधी कण असतात; त्यातला एखादा परका कण चिमूटभर नमुन्यात येईलच असे नाही.

म्हणून तयार डिस्क पाण्यात बुडवून तिच्यात ध्वनिलहरी सोडतात. दोष असेल तर प्रतिध्वनी येतो; मात्र तो लहरींना आडवा असावा लागतो. त्यामुळेच प्रॅटने तिरक्या कोनातून तपासणी सुरू केली. त्यासाठी इंजिन उतरवून पूर्ण खोलावे लागते. कारखान्यांतील रांग धरून ते परत विमानावर चढायला २५० ते ३०० दिवस लागतील, असे कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितले होते.