40 फुटांचं एक पान

संपादकांना युरोपातल्या जुन्या तैलचित्रकारांवर लेख हवा होता. यान व्हॅन आयकबद्दल वाचत बसले आणि मन सारखं अंबाजोगाईकडे ओढ घेऊ लागलं. ओकच्या फळ्यांवर खडू आणि सरसाचा गुळगुळीत लेप, त्यावर जवसाच्या तेलात खललेल्या रंगांचे थरावर थर. 1432 साली पुरं झालेलं त्याचं गेंटचं वेदीचित्र या तंत्रामुळे अजून झळाळतं. त्यानंतर दीड-पावणेदोन शतकांनी आपल्या बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत एका माणसाने असाच एक भव्य पट हाती घेतला. त्याच्या हाती मात्र तेल नव्हतं, फळी नव्हती. होतं ते जाडंभरडं सुती कापड आणि शाई.

ते संतकवी दासोपंत. त्यांचा जन्म इ.स. 1551 मधला, नारायणपेठचा. घराणं देशपांड्यांचं, अंमल बीदरच्या बरीदशाहीचा. सारा थकला म्हणून बादशहाने पोराला ओलीस ठेवलं आणि दत्तात्रेयांनी पाडेवाराच्या (गावकामगाराच्या) रूपात येऊन रक्कम भरली, ही कथा सर्वश्रुत आहे. पुढे माहूर, गोदाकाठचं राक्षसभुवन आणि अखेर अंबाजोगाई. शके 1537 मध्ये (इ.स. 1615-16) तिथेच समाधी. लिहिणं अफाट: परंपरा ‘गीतार्णवा’च्या सव्वा लाख ओव्या सांगते आणि रोज एका ढब्बू पैशाची शाई संपायची, असंही सांगते.

मला मात्र गुंतवून ठेवलं ते पासोडीने. सुमारे 40 फूट लांब, 4 फूट रुंद कापडावर पंचीकरणाच्या सुमारे 1600 ओव्या आणि त्यांच्या जोडीला आकृत्या, कोष्टकं. पोथीची पानं हाताशी असताना या माणसाने कापड का घेतलं असेल?

उत्तर विषयातच असावं. पंचीकरण म्हणजे पाच महाभूतांचं एकमेकांत मिसळणं. त्याचा हिशेब असा: आकाश घ्या, त्याचे दोन भाग करा. एक अर्धा त्याच्याजवळच राहू द्या. दुसऱ्या अर्ध्याचे चार वाटे करून वायू, तेज, आप, पृथ्वी यांना एकेक द्या. म्हणजे प्रत्येकाला एक अष्टमांश. उरलेल्या चौघांनीही हेच करायचं. शेवटी प्रत्येक भूतात निम्मं ते स्वतः आणि निम्म्यात बाकीचे चौघे. मग हेच देहात शोधायचं. हाडं, मांस, त्वचा, नाड्या, रोम ही पृथ्वीकडची. भूक, तहान, आळस, झोप तेजाकडची. काम, क्रोध, शोक, मोह, भय आकाशाकडची. पाच पंचे पंचवीस घरं. ही देवाणघेवाण पोथीच्या अरुंद पानांवर मांडली की पान उलटताच आधीचं घर डोळ्यांआड होतं. पटावर मात्र सगळं एकदमच समोर येतं. आडवं वाचा, उभं वाचा, बोट ठेवून मागे या. शिकवण्याची केवढी जाण आहे ही! दासोपंतांना मी संतकवीइतकंच मांडणीचा कलावंत मानते, आणि त्यांची ही बाजू आपण फार कमी बोलून दाखवतो.

वंशजांनी पिढ्यान् पिढ्या देवघरात जपली म्हणूनच पासोडी आज आहे. न. शे. पोहनेरकरांनी ती वाचून अभ्यासकांपुढे आणली. त्या अक्षरांत डोळे घालून बसणं हे खरंच तपाचं काम. पण पुस्तकात छापलं की ओव्या हाती येतात, पट हाती येत नाही; 40 फुटांचे तुकडे होतात.

आणि काळजी इथूनच सुरू होते. तैलरंगाचा थर वाळून कडक होतो, फळीला धरून राहतो. सुती कापडावरच्या शाईला असं कवच नसतं. घडी पडते तिथे सूत आधी तुटतं आणि त्या रेघेवरचं अक्षर सुतासोबत जातं. पावसाळ्यात दमटपणा, मग बुरशी, कसर. उजेडाने कापड पिवळं पडून ठिसूळ होतं. समईची काजळी, धुपाचा धूर, दर्शनाला आलेल्यांचे हात, यांपैकी एकही गोष्ट वाईट हेतूची नाही आणि एकही निरुपद्रवी नाही. असं कापड घडी न घालता रुंद नळीवर, आम्लरहित कागद मध्ये घालून गुंडाळावं लागतं. पण ते उलगडायला 40 फुटांची जागा लागते आणि प्रत्येक उलगडणं म्हणजे पुन्हा ताण. अभ्यासकाला पाहू द्यावं तर झीज, न द्यावं तर काय जपतोय हेच विसरलं जाणार.

संग्रहालयात नेऊन ठेवा, असं सांगणं सोपं आहे. ज्या घराने चारशे वर्षं हे कापड पूजेत ठेवलं, त्याला ते कसं पटावं? गेंटच्या वेदीचित्राची 2012 पासूनची दुरुस्ती त्याच शहरातल्या संग्रहालयात, काचेपलीकडून लोकांना पाहू देत झाली. पासोडीसाठीही तज्ज्ञांनीच अंबाजोगाईला यावं, शाई आणि सूत तिथेच तपासावं. त्याआधी एकदाच, सावकाश, पूर्ण पट उलगडून त्याची बारीक छायाचित्रं घ्यावीत आणि ती जोडून अखंड 40 फूट शाळा-महाविद्यालयांच्या भिंतींवर लावावीत. मूळ कापडाला त्यानंतर वारंवार उलगडावं लागणार नाही.