घरात कुत्रा आला आणि आजीला धाप लागली

पावसाळ्याच्या तोंडावर वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका वाडीवर केळीची पाहणी करायला गेलो होतो. काम आटोपून ओटीवर चहा घेताना घरधन्याने हळूच विचारले, "साहेब, कुत्रा आणून महिना झाला. तेव्हापासून आईचा दमा उसळलाय, पोराच्या पायावर गांधी उठतात. नेऊन सोडू का त्याला महामार्गापलीकडे?"

मी म्हटले, थांबा. पाळलेले जनावर असे रस्त्यावर सोडणे हा १९६०च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. शिवाय रोग न ओळखता फवारणी करू नये, हे आम्ही पिकाच्या बाबतीत सांगतो तेच इथेही लागू आहे.

पुष्कळांना वाटते की कुत्र्याचा केस नाकात जातो म्हणून शिंका येतात. तसे नाही. ज्याला आपण वावडे किंवा ॲलर्जी म्हणतो ती कुत्र्याच्या लाळेतील आणि कातडीच्या कोंड्यातील प्रथिनांची असते. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, तिचे कण कोंड्याबरोबर हवेत उडतात आणि गोधडीत, उशीत, पडद्यात बसतात. म्हणून आखूड केसांचा कुत्रा घेतला की भीती नाही, असे विकणारा सांगेल ते खरे धरू नका. गावठी असो की विलायती, वावड्यातून पूर्ण सुटलेली कुत्र्याची जात नाही.

आता पोराच्या पायावरच्या गांधी. त्या घोट्यांवर आणि पोटरीवरच होत्या, वर एकही नव्हती. कुत्र्याच्या शेपटीच्या मुळाशी केस फाकवून पाहिले तर काळे बारीक कण दिसले. ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवताच लालसर डाग पडला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. पोराला कुत्र्याचे वावडे नव्हते, त्याला पिसवा चावत होत्या! पशुवैद्यकाकडून कुत्र्याला औषध लावून घेतले, त्याची पोती उन्हात टाकली, घराच्या सांदीकोपऱ्यातील कचरा काढला आणि हळूहळू ते प्रकरण मिटले. (पिकाचे कीटकनाशक मात्र कुत्र्याच्या अंगावर कधीही ओतू नका. त्याने जनावर दगावते आणि त्याला हात लावणाऱ्या लेकरालाही धोका होतो.)

आजीबाईंचे निराळे होते. कुत्रा त्यांच्याच खोलीत, खाटेखाली निजत असे. पण त्याच खोलीच्या भिंतीला ओल होती, वर माळ्यावर पेंढा होता आणि गोधड्या कित्येक दिवस उन्हात गेल्या नव्हत्या. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत बुरशी वाढते. अंथरुणाच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे माइट वाढतात. पिकावर जो लाल कोळी पडतो त्याचे ते लांबचे भाऊबंद. दमेकऱ्याला या दोघांचाही त्रास होतो, आणि गुन्हेगार मात्र नवा आलेला कुत्रा ठरतो.

तेव्हा खरा दोषी कोण? मी त्यांना भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खुणा करायला सांगितले. धाप कोणत्या दिवशी लागली, त्या दिवशी पेंढा काढला होता का, कुत्रा कुशीत होता का, आजीबाई लेकीकडे राहून आल्या तेव्हा कसे होते. अशी टाचणे डॉक्टरांना फार उपयोगी पडतात. कातडीवर थेंब ठेवून सुईने किंचित टोचून पाहण्याची चाचणीही असते, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी. एक ध्यानात ठेवा, कुत्रा बाहेर काढला म्हणून दुसऱ्या दिवशी गुण येत नाही. घरात साचलेले कण जायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात.

त्या घरी धाप दोन्हींमुळे होती. पेंढा गोठ्याकडे हलवला, गोधड्या कडकडीत पाण्यात धुतल्या आणि आजीबाईंच्या खोलीत कुत्र्याला कायमची बंदी झाली. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे सुरू झाले. कुत्र्याला आठवड्यातून दोनदा आंघोळ ठरली, कारण दोन-तीन दिवसांत कण पुन्हा पहिल्याइतके होतात. आंघोळ घालणे, केस विंचरणे हे काम घराबाहेर आणि ज्याला त्रास नाही त्याने करायचे. धाप कमी झाली, पूर्ण गेली नाही. डॉक्टरांनी दिलेला पंप आजीबाई नेमाने घेतात.

इथे एक अडचण आहे. कुत्रा बाहेर ठेवा म्हणणे सोपे, पण आपल्याकडे बिबट्या आहे. तुंगारेश्वरच्या जंगलालगतच्या पाड्यांना हे सांगायला नको, आणि २०२४च्या मार्च-एप्रिलमध्ये तर वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या कित्येक दिवस वावरून अखेर वनखात्याच्या पिंजऱ्यात सापडला. साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला वाढून ठेवलेले ताट. म्हणून पडवीत पक्क्या जाळीची, वरून झाकलेली, कडी लागणारी खोपी करा. दमेकऱ्याच्या खिडकीखाली मात्र ती नको.

अजून कुत्रा आणला नसेल आणि घरात कोणाला दमा असेल, तर त्या माणसाला आधी कुत्रा असलेल्या सोयऱ्यांकडे चार-पाच वेळा तासभर बसवून पाहा, औषध जवळ ठेवूनच. ज्याचा दमा जोराचा आहे त्याच्यावर हा प्रयोग नको, थेट डॉक्टरांना विचारा. दुकानातून शिंकांची गोळी आणून परस्पर घेऊ नका. तिने पुष्कळांना झोप येते, आणि मग मोटारसायकल चालवणे किंवा विळा चालवणे धोक्याचे होते.

इतके करूनही धाप वाढतच राहिली तर कुत्रा दुसऱ्या चांगल्या घरी द्यावा, तोही रेबीजची लस टोचून. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर कुत्र्याचा विचार नंतर, आधी गाडी काढा आणि दवाखाना गाठा.