आईची वाकळ

घटस्थापनेच्या आधी आम्ही घरातल्या सगळ्या गोधड्या ओढ्यावर धुतल्या. धुताना एक टर्रकन फाटली. दिवाळीच्या सुमारास आईबाबा ऊस तोडायला कारखान्यावर जातात. तिकडे कोपीत फार थंडी वाजते. म्हणून आजीने नवी वाकळ शिवायला घेतली. गोधडीला आमच्याकडे वाकळ म्हणतात.

वाकळीसाठी दुकानातून फक्त दोरा आणला. बाकी सगळे जुनेच. आजीचे लुगडे बसायच्या जागी विरले होते. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट. त्याचे चार तुकडे केले, एकेक पावणेसात फुटांचा. हा भागाकार मी केला. दोन तुकडे धड निघाले, ते वर आणि खाली लावायचे. विरलेले दोन आत. आजोबांचे धोतर आणि ती फाटकी गोधडीसुद्धा आतच. थरांच्या मध्ये हवा अडकते, त्यामुळे ऊब टिकते, असे गुरुजींनी सांगितले.

ओसरीवर लुगडे अंथरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. मी बाबांची टेरिकॉटची पँट आत घालत होते, तर आजी ओरडली, "ते नको गं! सुई जात नाही, घामबी टिपत नाही." मग ते कापड पायाकडे वरून ठिगळ म्हणून लावले. तिथे लवकर झिजते ना.

आजीने माझा गुलाबी फ्रॉक मागितला. मला तो होत नाही, पण मी दिला नाही. दुसऱ्या दिवशी मीच आणून दिला. आजीने बटणे काढून डब्यात ठेवली आणि फ्रॉक उशाकडच्या बाजूला पसरला.

आधी लांब टाके घालून सगळे टाचून घेतात. मग कडेने धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात फिरत फिरत मध्यभागी यायचे. दोन ओळींत एका बोटाचे अंतर. टाके लांब पडले तर धुताना आतल्या चिंध्या गोळा होतात. माझी एक ओळ आजीने दोनदा उसवली. मला रडू आले. बोटालाही सुई टोचली होती. सहा दुपारी शिवत होतो.

सोमवारी ट्रक आला. आईने वाकळ भांड्यांवर ठेवली आणि छोट्याला तिच्यावर बसवले. तो लहान आहे म्हणून सोबत जातो. मी शाळेसाठी आजीजवळ राहते.

आईचे एक जुने पातळ आजीने मागे ठेवून घेतले आहे. त्याची वाकळ माझ्यासाठी. आजीला आता नीट दिसत नाही, सुईत दोरा मीच ओवते.