टॅक्सीचा बॅज आणि रस्त्याचं ज्ञान

गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९४९च्या आपल्या ग्रंथात एक भेद मांडला: एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं. टॅक्सीच्या बॅजची तयारी करणाऱ्याला तो उपयोगी पडतो. सांताक्रूझचंच घ्या. पश्चिमेला एस. व्ही. रोड, पूर्वेला वाकोला, मधे मिलन सबवे; हे पाठ होतं. पण पावसात सबवे तुंबलाय, मागे रुग्ण बसलाय, पश्चिमेकडून पूर्वेचं देसाई रुग्णालय गाठायचंय. तेव्हा शेजारचा मिलन उड्डाणपूल सुचला पाहिजे. लंडनचे टॅक्सीवाले म्हणूनच ३२० मार्ग प्रत्यक्ष फिरून शिकतात. तेव्हा नुसती नावं घोकू नका. दोन ठिकाणं निवडा, फिरून या, मग स्वतःला विचारा: हा रस्ता बंद झाला तर?