जुनी बेस गिटार : बदलायची की जपायची?

जुनी बेस गिटार मूळ रूपात ठेवावी की बदलावी? अमेरिकेतली दोन उदाहरणे पाहू. जेम्स जेमरसन आपल्या १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बेसच्या तारासुद्धा तुटल्याशिवाय बदलत नसत. जॅको पास्टोरियस यांच्या फेंडर जॅझ बेसचे मात्र फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, काढून वर इपॉक्सीचा थर दिला होता. त्यातूनच त्यांचा गाणारा सूर घडला.

मग बरोबर कोण? दोघेही! पण एक फरक लक्षात घ्या. स्क्रूने बसवलेला भाग बदलला आणि जुना डब्यात जपून ठेवला, तर तो परत बसवता येतो. लाकूड कोरले किंवा मूळ रंग खरवडला, की गेलाच तो कायमचा. म्हणून हत्यार उचलण्याआधी विचारायचे, "हे पूर्ववत करता येईल का?" मुलांनाही हाच प्रश्न शिकवूया.